मशीनला विसावा, माणसाला नाही

मे महिना. दुपारचे अडीच. नागपूरच्या बाहेरची एक औद्योगिक वसाहत, तिच्यातली एक पत्र्याची शेड. शेडमध्ये पाण्याची लोखंडी टाकी उभी राहतेय. टाकीच्या पोटात एक पोरगा. वय एकोणीस. कावीळ होऊन महिनाभर घरी पडला होता, कामावर येऊन तिसरा दिवस. अंगात जाड खाकी, वर चामड्याचा अ‍ॅप्रन, हातात चामडी मोजे, तोंडावर काळी काच. टाके मारता मारता पोरगा टाकीतून बाहेर आला नि भलतंसलतं बडबडू लागला. पाय लटपटू लागले. मालकाच्या पोरालाच त्यानं शिवी हासडली. कूलर लावलेल्या केबिनमधून मालक बाहेर आला. पोराकडं न बघताच म्हणाला, "ढोसून आला साला. ह्या लोकांचं असंच. हाकला त्याला."

'ह्या लोकांचं.' हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

पोरानं जन्मात दारूला तोंड लावलेलं नव्हतं. त्याला ऊन चढलं होतं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याच्या कपाळाला हात लावला. तवा. मिस्त्रीनं आधी मशीनचं बटण बंद केलं. मग पोराला ओढत बाहेर लिंबाखाली नेलं, अ‍ॅप्रन काढला, शर्ट फाडला, दोन बादल्या पाणी अंगावर ओतलं. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. एकजण पळत जाऊन समोरच्या रसवंतीतून बर्फ घेऊन आला. काखेत, मानेला, जांघेत बर्फ धरला. मग रिक्षा, मग दवाखाना. पोरगा वाचला. हप्त्याच्या दिवशी त्याच्या नावापुढं अर्धा खाडा मांडलेला होता.

हे लिहिणारा त्या दिवशी तिथं होता. पुठ्ठा हलवणाऱ्या हातांत एक हात त्याचा.

तर दोस्तहो, हा अग्रलेख वेल्डिंगवर आहे. नाक मुरडू नका. आपल्या कवितेत सूर्य फार येतो. सूर्य उगवतो, सूर्य पेटतो, सूर्य मुठीत धरला जातो. कवितेत ठीक आहे. पण मे महिन्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या पोरासाठी सूर्य प्रतीक नसतो. तिथं तो डोक्यावर बसलेला मुकादम असतो. आणि हातातल्या रॉडच्या टोकाला दुसरा सूर्य. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. ते पाणी करणारी ज्वाळा त्याहून किती तरी तापलेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर माणसाचं तोंड. त्या माणसाचं शरीर ३७ अंशांवर चालतं. आतलं तापमान ४० च्या वर गेलं की मेंदू बिघडू लागतो. मधलं अंतर फक्त तीन अंशांचं. त्या तीन अंशांत आपली पोरं रोजी कमावतात.

आता मशीनकडं बघा. प्रत्येक वेल्डिंग मशीनवर एक पाटी असते. आम्ही वर्षानुवर्षं तिच्यावर हात पुसले, वाचली कधी नाही. तिच्यावर लिहिलेलं असतं, ह्या करंटला ६० टक्के. ह्याचा अर्थ असा की दर दहा मिनिटांत सहा मिनिटं जाळा, चार मिनिटं मशीनला थंड होऊ द्या. हा हिशेब धरलाय भोवतालच्या ४० अंश हवेसाठी. हवा त्याहून तापली तर मशीनला विसावा आणखी जास्त लागतो. नव्या इन्व्हर्टर मशीनला तर अक्कल दिलीय. फार तापलं की ते आपलं आपण बंद पडतं, दिवा लावून सांगतं की मी थकलो. तेव्हा मालक काय करतो? शिवी देत नाही. अर्धा खाडा मांडत नाही. 'ढोसून आलंय' म्हणत नाही. हात मागं बांधून वाट बघतो. कारण मशीन जळलं तर पैसे त्याचे जातात.

माणसाच्या छातीवर पाटी नाही. माणूस जळला तर दुसरा मिळतो. गेटवर उभाच असतो. सगळं अर्थशास्त्र ह्या दोन ओळींत आहे.

लोक म्हणतात, ऊन सगळ्यांना सारखंच. खोटं आहे. पेपरात छापून येतं, आज नागपूर ४५, चंद्रपूर ४६. हे तापमान कुठलं असतं ठाऊक आहे? वेधशाळेत जमिनीपासून वर एक पांढरी लाकडी पेटी असते, फटीफटींची, आत हवा खेळती. त्या पेटीच्या सावलीत थर्मामीटर टांगलेला असतो. म्हणजे छापून येतं ते सावलीतलं ऊन. थर्मामीटरला सावली आहे, वारा आहे, पांढरा रंग आहे. आमच्या शेडचा पत्रा, टाकीचं तापलेलं पोट, रॉडची आग, अंगावरचं चामडं, ह्यातलं काहीच त्या आकड्यात नाही. सरकार त्या आकड्यावर इशारा काढतं की दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. आणि मालक सांगतो, साडेबारापर्यंत जेवून घ्या, एकला होल्डर हातात पाहिजे.

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरला सरकारी सोहळा झाला. मंचावर छत होतं, समोर उघडं आकाश. उन्हात बसवलेल्या माणसांतले १४ जण उष्माघातानं गेले. ऊन एकच होतं. छत एकाच बाजूला होतं.

आता शरीराचं गणित मांडू, कारण ते आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. शरीर थंड होतं ते घामानं. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगाची उष्णता घेऊन जातो. चामड्याच्या अ‍ॅप्रनखाली घाम वाळत नाही. टाकीच्या पोटात वारा नाही, तिथं वाळत नाही. मुंबई-कोकणात हवाच ओली, तिथं आकडा ३५ असला तरी वाळत नाही. मग घाम नुसता गळतो, पाणी जातं, मीठ जातं, उष्णता आतच राहते. आधी पायात गोळे येतात. मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. मग माणूस बडबडतो, चिडतो, तोल जातो. ही शेवटची खूण. इथं मिनिटं मोजायची असतात. आणि नेमक्या ह्याच खुणेला आपल्याकडं म्हणतात, ढोसून आला. तेच 'ह्या लोकांचं असंच'. मालकाच्या पोराला भर उन्हात भोवळ आली असती तर डॉक्टर आला असता. आमच्या पोराला आली तर आमच्या जातीचा इतिहास काढला जातो. जात अशी जीव घेते. हातात काठी नसली तरी घेते. चूक निदान करून घेते.

सल्ले देणारे पुष्कळ आहेत. मानेवर ओला दुपट्टा ठेवा. अंग भिजवा. सैल कपडे घाला. शेतात, रस्त्यावर हे ठीक. पण वेल्डरला? त्याच्या हातात वीज आहे. कोरडी कातडी विजेला थोडंफार अडवते, भिजलेली अडवत नाही. घामानं चिंब झालेला हातमोजा, भिजलेला शर्ट, पायाखाली ओली फरशी, नि तापल्या टाकीला पाठ टेकलेली. मग ज्या होल्डरचा एरवी नुसता झटका बसायचा, तोच जीव घेतो. म्हणजे साऱ्या जगाचा जो उपाय, तो आमच्यासाठी फास. कपडे काढून बनियनवर काम करावं, तर आर्कचं ऊन कातडी भाजतं. संध्याकाळी हात लालबुंद नि डोळ्यांत वाळू. टेरिकॉट नाहीतर पॉलिस्टरचा टीशर्ट घालावा, तर ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती कापड नि चामडं, ह्याला पर्याय नाही.

ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. वेल्डर एकट्यानं स्वतःला थंड ठेवू शकत नाही. त्याला लागते सावली, वारा, पाणी आणि विसावा. चारही वस्तू मालकाच्या ताब्यात. म्हणून 'उन्हात स्वतःची काळजी घ्या' हे जे भिंतीवर लिहितात, ती आमची थट्टा आहे.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगायची आहे, कारण ती आपण आपल्या हातानं करतो. टाकीत गुदमरायला होतं म्हणून पोरं कटिंगच्या ऑक्सिजनची नळी अंगावर सोडतात. गार वाटतं. भावांनो, ती हवा नव्हे. ऑक्सिजन कपड्यात, केसात मुरतो, आणि मग एका ठिणगीनं माणूस कापसासारखा पेटतो. बाहेर आल्यावरही कपड्यांतून तो लगेच जात नाही, विडी पेटवली तरी भडका. ऑक्सिजननं कधीही अंग गार करायचं नाही, टाकी हवेशीर करायची नाही, धूळ झटकायची नाही. टाकीत हवा पाहिजे तर बाहेरून पंखा लावून साधी हवा आत ढकला नि धूर बाहेर खेचा. आणि आत माणूस असेल तर भोकाशी दुसरा माणूस उभा पाहिजे, बटणाजवळ. एकटा कुणी आत उतरणार नाही, हे आपणच ठरवायचं.

बाकी काय करता येतं तेही लिहून ठेवतो. कापून शेडमध्ये चिकटवा.

तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा सपाट चमचा धरून. ताक, आंबील, कैरीचं पन्हं चांगलं. लघवी गडद पिवळी झाली तर समजा पाणी कमी पडतंय. रोज रोज असं कोरडं राहिलं तर मूत्रपिंड जातं. निकाराग्वा, एल साल्वादोर ह्या देशांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरण्या पोरांची मूत्रपिंडं अशी निकामी झाली. तो फड नि ही शेड, अंतर फार नाही.

खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही, हे खोटं आहे. कांदा खा. खिशातला कांदा ऊन पीत नाही. आदल्या रात्रीची दारू मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेब मागते. अंगातलं पाणी ती आधीच घेऊन गेलेली असते.

नवीन पोराला, आजारातून उठून आलेल्याला पहिल्या दिवशी पूर्ण पाळी उन्हात लावायची नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम, मग रोज थोडं वाढवा. आमचा पोरगा तिसऱ्या दिवशी पडला, तो उगाच नव्हे.

पंखा बाजूनं लावा, धूर तोंडावरून निघून जाईल असा. गॅसवरच्या वेल्डिंगला सरळ झोत लागला तर गॅस उडून जातो नि वेल्डला भोकं पडतात. मग शिवी आपल्यालाच. उन्हाळ्यात गरम होतं म्हणून धुराकडं दुर्लक्ष करू नका. वेल्डिंगचा धूर कॅन्सर करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं स्पष्ट सांगितलंय. हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, एक वाळत टाका. पायाखाली कोरडी फळी घ्या. पत्र्यावर वरून चुना मारा. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद भाजून निघालं, माणसं गेली, तेव्हा तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला. पुढं तिथल्या गरीब वस्त्यांचे पत्रे पांढरे करण्याचं कामही हाती घेतलं. चुन्याच्या पोत्याला किती पैसे पडतात ते मालकाला विचारा, नि मशीनला किती पडतात तेही.

कुणी बडबडू लागला, तोल गेला, तर आधी बटण बंद. सावलीत न्या. कपडे काढा, पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासात जाईल. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. आणि 'पिऊन आलाय' म्हणणाऱ्याला बाजूला सारा. तो मालक असला तरी.

आता पाण्याचं. कारण पाण्याशिवाय आपली कुठलीच गोष्ट पुरी होत नाही.

त्या शेडमध्ये माठ दोन होते. एक केबिनच्या दारात, झाकणाचा, ओला कपडा गुंडाळलेला. दुसरा टाकीजवळ, प्लास्टिकचा ड्रम, उन्हात. कुणी कुठला घ्यायचा असं लिहिलेलं नव्हतं. लिहावं लागत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे नि आपल्या तोंडाचा इतरांना विटाळ. तिथंही पाटी नव्हती. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. कागदावर. चवदार तळ्याची ओंजळ मात्र २० मार्च १९२७ ला आपणच जाऊन भरावी लागली. कायदा पाण्यापर्यंत वाट दाखवतो. चालावं आपल्याला लागतं.

कायद्याचंही असंच. बाबासाहेब मजूर खातं सांभाळत होते तेव्हा कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचं विधेयक त्यांनी मांडलं, १९४६ मध्ये तो कायदा झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात उन्हाळ्यात थंड पाण्याचं कलम होतं. पण ते २५० च्या वर कामगार असलेल्या कारखान्याला. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं असली तरच तिला कारखाना म्हणायचं, असा तो कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या. त्यांनी दहाचे वीस केले. आमच्या शेडमध्ये सातजण होतो. म्हणजे जुन्या कायद्याला आम्ही दिसलो नाही, नव्याला तर त्याहून दिसत नाही. गल्लोगल्ली ग्रील, गेट, शटर करणारी दुकानं बघा. चार माणसं, पाच माणसं. ह्या देशाच्या खिडक्या-दारं ज्यांनी जोडली, त्यांना कायद्यात दार नाही.

थोडं आपल्याकडंही बघू. पाणी प्यायला थांबलेल्या पोराला 'बायल्या' म्हणून हसणारे आपलेच असतात. हातमोजे न घालता काम करणं ही मर्दुमकी समजणारेही आपलेच. आपल्यातला एखादा आयटीआय करून, कर्ज काढून स्वतःची शेड टाकतो. आनंद आहे. पण त्याच्याही शेडमध्ये ड्रम उन्हात असेल, तर आम्ही त्याला जयभीम करून पुढं जाणार नाही. आधी ड्रम सावलीत आण म्हणू. आणि पोरगा संध्याकाळी घरी जातो तिथंही पत्राच असतो. रात्रीही तो थंड होत नाही. दिवसाची आग शरीरातून रात्री उतरायची असते. ज्याला रात्रीही गारवा नाही तो दुसऱ्या दिवशी आधीच तापलेला कामावर येतो. म्हणून वस्तीतलं झाड, वस्तीतला नळ, वस्तीतला पत्रा, हा वेल्डरचाही प्रश्न आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात :

एक. मार्च ते जून काम पहाटे सहाला सुरू. दुपारी बारा ते चार होल्डर खाली. रोजी पूर्ण.

दोन. पाटीवर मशीनला जेवढा विसावा लिहिलाय, तेवढा माणसालाही. मशीन थंड होत असताना माणसाला ग्राइंडरवर जुंपायचं नाही.

तीन. एक माठ. सावलीत. सगळ्यांचा.

चार. टाकीत उतरणाऱ्यासाठी पंखा नि भोकाशी माणूस. दोन्ही नसतील तर कुणी उतरणार नाही.

पाच. उन्हानं पडलेल्याचा दवाखाना मालकाचा. खाडा नाही.

सहा. कामगार मोजू नका. एक माणूस आर्क पेटवत असेल तरी तिथं कायदा लागू झाला पाहिजे.

ह्यातली एकही मागणी आकाशातली नाही. मशीनला हे सगळं आधीच मिळालंय. आम्ही फक्त मशीनएवढी किंमत मागतोय. माणसाएवढी मागायला अजून लांबचा पल्ला आहे, तेही ठाऊक आहे.

तो पोरगा आता दुसऱ्या शेडमध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात भेटला. म्हणाला, "भाऊ, तिथं आम्ही सहाजणं मिळून सांगितलं, बारानंतर कोणी होल्डर धरणार नाही. मालक दोन दिवस ओरडला. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्यानंच शटर उघडलं."

सहाजण होते. साऱ्या कायद्यांना न दिसणारे. पण मालकाला दिसले.